रिकाम्या खाटांची कविता

वृद्धनिवास, खोली बारा
४ जानेवारी

प्रिय ढब्बू,

वर्तमानपत्रात तुझा फोटो पाहिला. महामारीत सरकारने काय केलं आणि काय करायचं राहिलं, याची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीचा अध्यक्ष! अभिनंदन. आपल्या वर्गात ज्याला फळा पुसण्यापलीकडे काही सांगितलं जात नसे, तो आता आरोग्यमंत्र्यांची हजेरी घेणार. मास्तर असते तर त्यांच्या हातातला खडू गळून पडला असता.

तुला तो तिसरा बाक आठवतो का रे? खिडकीतून तिरपं ऊन यायचं आणि त्यात खडूचे कण तरंगत राहायचे. जणू कवितेतले शब्दच, अजून ओळीत न बसलेले. दीपस्तंभाची कविता चालली होती. तू उभा राहायचास, दोन कडवी धडाधड म्हणायचास, आणि तिसऱ्याच्या तोंडाशी तुझी गाडी बंद. मग मी खालून ओळ द्यायचो. मास्तर म्हणायचे, "पोपटा, तुझी कुजबुज शेजारच्या वर्गाला पाठ झाली!" पुढे त्याच आवाजावर बस स्थानकात उद्घोषकाची नोकरी मिळाली आणि उभा जन्म मी गाड्या फलाटाला लावल्या. आवाज अजून तसाच आहे, आणि खोडही. कुणाची ओळ अडली की माझ्याने गप्प बसवत नाही. या रोगावर लस निघालेली नाही.

आता कामाचं. माझ्या खोलीत खिडकीकडच्या खाटेवर आमचा घड्याळजी असायचा. सगळ्या गावाची घड्याळं दुरुस्त करून थकलेला, बोलायला कमी आणि बुद्धिबळात हरामखोर. महामारीच्या ऐन भरात एका मंगळवारी मोठ्या इस्पितळातले सात रुग्ण दोन गाड्यांतून आमच्याकडे आणून टाकले. तपासणी नाही, काही नाही. त्यांतल्या एकाला आमच्या खोलीत, दोन खाटांच्या मध्ये सतरंजी घालून दिली. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी घड्याळजी गेला. त्याच्यामागे आणखीही गेले.

आरोग्य विभाग म्हणतो, वृद्धनिवासांत एकही रुग्ण पाठवण्यात आला नाही. घड्याळजी वार्धक्याने गेला म्हणे. अरे, हे वार्धक्य गुरुवारपर्यंत मला बुद्धिबळात हरवत होतं!

माझं एकच मागणं आहे. मंत्री तुझ्यासमोर बसतील तेव्हा विचार: ते सातजण कुणाच्या सांगण्यावरून आमच्याकडे आले? बाकी तुमचं चालू द्या.

तुझा,
पोपट

*

समिती कक्ष, संसदगृह
१९ जानेवारी

महोदय,

आपले दिनांक ४ जानेवारीचे पत्र माननीय अध्यक्षांच्या अवलोकनार्थ सादर करण्यात आले. आपण व्यक्त केलेल्या भावनांची समितीने नोंद घेतली आहे. आपल्या घड्याळाच्या दुरुस्तीबाबतचा विषय समितीच्या कार्यकक्षेत येत नसल्याने तो योग्य त्या विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे.

आपला विश्वासू,
(अध्यक्ष)

पोपट्या, वरचं सचिवांनी लिहिलंय, मी नुसती सही केली. रागावू नकोस. बघतो. – ढब्बू

*

खोली बारा
१० फेब्रुवारी

माननीय अध्यक्ष महाराज ढब्बू,

तुमच्या कारभाराला नावं ठेवणारे मूर्ख आहेत. काल वजन-माप विभागाचा माणूस इथे आला. भिंतीवरचं घड्याळ काढलं, कानाला लावलं, झाकण उघडलं आणि म्हणाला, "आजोबा, पाच मिनिटं पुढे आहे." महामारीत आम्ही फोन करकरून थकलो तेव्हा चिटपाखरू फिरकलं नव्हतं. घड्याळाला मात्र सरकार घरपोच! घड्याळजी असता तर हसून हसून त्याचा चष्मा पडला असता.

आता ऐक. विभागाने नवं पत्रक काढलंय. वृद्धनिवासातले रहिवासी काही का म्हणेनात, वयोमानाने त्यांची स्मरणशक्ती भरवशाची नाही. खोटं कशाला बोलू, आमच्यापैकी निम्म्यांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. समोरच्या खोलीतल्या शिवणबाई चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधतात. तेरा नंबरचे बँकवाले रोज नव्याने माझी ओळख करून घेतात, आणि दर वेळी म्हणतात, "आपल्याला कुठेतरी पाहिलंय."

पण शाळेतल्या कविता? सुरुवात करून द्यायचा अवकाश, अख्खा वऱ्हांडा म्हणतो!

त्यावरूनच मला सुचलं. घड्याळजी गेला त्या आठवड्यात आम्हाला खोल्यांत बंद केलं होतं. दारं उघडी, पण उंबरा ओलांडायचा नाही. जे घडलं ते हे लोक महिन्याभरात विसरणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी ते कवितेत बसवलं. त्याआधी, मंगळवारी गाड्या आल्या तेव्हा, निवासातली सिस्टर फोनवर बोलत होती आणि मी तिच्या टेबलाशी औषध घ्यायला उभा होतो, पलीकडचा आवाजही मला ऐकू येत होता. तोही घातला. मग रोज सकाळ-संध्याकाळ मी दारात उभा राहून एकेक ओळ सांगायचो आणि वऱ्हांडाभरच्या दारांतून ती परत यायची. वर्ग भरल्यासारखं वाटायचं रे. नुसतं मास्तरांच्या जागी मी होतो, आणि हजेरीला रोज एखादा कमी.

सिस्टर आता सरकारी इस्पितळात लागली आहे. विचारलं तर म्हणते, "आजोबा, माझं पोट त्यांच्या हातात आहे." तिला दोष देत नाही. तेव्हा साक्षीदार आम्हीच. ही आमची साक्ष:

मंगळवारी दुपार झाली,
गाडीमागुन गाडी आली;
सात पाहुणे खोकत आले,
कुणी न त्यांना तपासलेले.

सिस्टर पुसते, तपास झाला?
फोनवरुन आवाज म्हणाला:
साहेबांना संध्याकाळी
खाट रिकामी ओळीओळी

टीव्हीवरती दाखवायची;
तुम्हीच जागा बघा तयांची!
खोटे बोलुन मंत्री गेला,
शेजारी मम नाही उठला.

शनिवारी मग थांबे काटा,
अमुच्याकडेहि रित्याच खाटा!

त्या मंगळवारी संध्याकाळी मंत्री टीव्हीवर मोठ्या इस्पितळातल्या पांढऱ्याशुभ्र रिकाम्या खाटांपुढे उभे होते, आठवतं ना? "आपण जिंकत आहोत," म्हणाले. घड्याळजी आणि मी ते पाहत होतो. आमच्या मधल्या सतरंजीवर त्यांचा विजय खोकत होता.

तुझा,
पोपट

*

२२ फेब्रुवारी

पोपट्या,

हे मी स्वतः लिहितोय, अक्षरावरून कळेलच.

तुला वाटतं अध्यक्ष म्हणजे छडी घेतलेला मास्तर. अरे, अध्यक्षाच्या हातात फक्त घंटा असते, आपल्या शाळेच्या शिपायासारखी. प्रत्येक सदस्याला पाच मिनिटं, प्रश्न आणि उत्तर धरून. आमच्या पक्षाचा सदस्य विचारतो, "मंत्रीमहोदय, एवढ्या कठीण काळात आपण झोपलात तरी कधी?" मंत्री डोळे टिपतात आणि आपल्या आईच्या शिकवणीपासून सुरुवात करतात. झाली पाच मिनिटं. विरोधी सदस्य उठतो तो आपल्या मतदारसंघातल्या रुग्णवाहिकेच्या टायरांवर बोलत सुटतो. प्रश्नापर्यंत पोचतो तोवर घंटा. चुकून खरा प्रश्न आलाच तर मंत्री म्हणतात, "माहिती घेऊन लेखी कळवू." हे 'लेखी कळवू' म्हणजे आमच्याकडची आंधळी विहीर. आत पडलेलं वर आल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

अध्यक्षाने विचारायचं ते सगळ्यांचं झाल्यावर, वेळ उरला तर. वेळ उरत नाही.

आणि उरला, तरी मी कुठल्या पक्षाचा आहे हे तू विसरतोस. पुढच्या फेरबदलात माझं नाव आहे म्हणतात. मुलगा रोज सांगतो, "बाबा, आता शेवटच्या थांब्याला काही करू नका." त्याला बापाची काळजी आहे, त्याहून बापाच्या बंगल्याची.

कविता वाचली. दोनदा. 'तयांची' वाचून मास्तर डोळ्यांसमोर उभे राहिले. पण एक कर, 'खोटे' काढ. असंसदीय शब्दांच्या यादीत तो पहिल्या पानावर आहे. आमच्याकडे कुणी खोटं बोलत नाही. फार तर 'वस्तुस्थितीशी विसंगत विधान' करतो.

मार्चमध्ये समिती वृद्धनिवासांची पाहणी करणार आहे. तुमचा निवास मी यादीत घातलाय. याहून जास्त मला विचारू नकोस.

ढब्बू

*

खोली बारा
१५ मार्च

ढब्बूराव,

समितीची पाहणी झाली, आणि आम्हालाही समिती पाहायला मिळाली.

तुझ्या सांगण्याप्रमाणे 'खोटे' काढलं बरं का. 'वस्तुस्थितीशी विसंगत विधान' घालून पाहिलं, तर गाडी फलाट सोडून थेट हमरस्त्याला लागली. शेवटी 'गोड बोलुनी मंत्री गेला' केलं. शिवणबाई म्हणाल्या, "हे जास्त लागतं."

तू आलास तेव्हा सगळं कसं चकचकीत होतं, नाही? तुमच्या आधी तासभर रंगारी गेला होता. एका सदस्याच्या कोटाला पाठभर हिरवा पट्टा लागला, तो त्याने शेवटपर्यंत मिरवला. दाराशी हात धुण्याची जी यंत्रं होती ती सकाळी टेम्पोतून आली आणि तुमच्या गाड्यांमागोमाग पुढच्या निवासाला गेली. बँकवाले त्यांच्याशी ओळख करून घेत होते, तेवढ्यात उचलली. आपल्या शाळेत तपासनीस यायचे तेव्हा तुला पाण्याच्या पिंपामागे बसवायचे ते आठवलं. फरक एवढाच, या वेळी तपासनीस तू होतास. पिंपामागे कोण बसलं होतं, ते तूच ठरव.

मग विभागाचे ते तरुण डॉक्टर. आमच्या स्मरणशक्तीची परीक्षा घ्यायला आलेले. शिवणबाईंना विचारतात, "आजी, आज वार कोणता?"

शिवणबाई म्हणाल्या, "बाळा, आम्हाला सगळे वार सारखे. तुझी सुट्टी कधी असते ते सांग, त्यावरून काढते."

शून्य गुण.

बँकवाल्यांना विचारलं, "सध्याचे आरोग्यमंत्री कोण?"

ते म्हणाले, "नाव आठवत नाही, पण त्यांनी आमच्याकडे माणसं पाठवली होती."

तेही शून्य! उत्तर अर्धंच होतं म्हणे.

मग डॉक्टर भाषणाला उभे राहिले. "शासनाने ज्येष्ठांच्या... ज्येष्ठांच्या..." आणि अडकले. मी म्हणालो, "हितासाठी." काय करू रे? जे मला वेडा ठरवायला आले होते, त्यांनासुद्धा मी ओळ दिली. त्यांनी मान हलवून आभार मानले आणि पुढच्या मिनिटाला माझ्या नावापुढे 'विस्मरण' लिहिलं.

मग आम्ही साक्ष दिली. चौदा ओळी, एकमुखाने, एक मात्रा इकडची तिकडे नाही. ज्यांना स्वतःची खोली सापडत नाही ते मंगळवार, शनिवार, गाड्या, पाहुणे, फोन, सगळं घडाघडा म्हणत होते. संपलं. आणि तुझ्या समितीने काय केलं? टाळ्या वाजवल्या! त्या बाई सदस्यांनी डोळे टिपले आणि म्हणाल्या, "किती गोड! एखादी निसर्गकविता नाही का येत?"

माणसं मेल्याचं सांगितलं, तर चाल आवडली म्हणतात. यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तू? 'साहेबांना' या शब्दावर फक्त एकदा वर पाहिलंस. मग चहा आला आणि तू बशीत पाहत राहिलास.

पोपट

*

२ जून

पोपट्या,

मधल्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही, म्हणजे अहवाल तुझ्या हाती पडला. म्हणजे हाही परिच्छेद वाचलास:

"समितीने एका वृद्धनिवासास भेट दिली असता रहिवाशांनी बहारदार समूहगायन सादर केले. त्यांची स्मरणशक्ती वयपरत्वे क्षीण असल्याने त्यांचे निवेदन पुरावा म्हणून ग्राह्य धरता आले नाही. तथापि, त्यांचा उत्साह वाखाणण्याजोगा आहे."

बहुमताने मंजूर. माझी सही सगळ्यांत वर आहे, अध्यक्षाची असतेच. मी सफाई देत नाही.

जुलैच्या सहा तारखेला अहवालावर सभागृहात चर्चा आहे. अध्यक्ष म्हणून सुरुवातीचं भाषण माझं. सोबत प्रेक्षक गॅलरीचा पास पाठवतोय. पहिली रांग, मधली खुर्ची, माझ्या जागेच्या अगदी समोर. ती मिळवायला मला तीन जणांशी गोड बोलावं लागलं, तेव्हा आल्याशिवाय राहू नकोस.

गॅलरीचे नियम पासाच्या मागे छापलेत. बोलायचं नाही, हसायचं नाही, टाळी वाजवायची नाही. सगळ्यांना सांगतात, तुला दोनदा सांगतो.

ढब्बू

*

खोली बारा
८ जुलै

गाढवा,

हो, गाढवा. अध्यक्ष असशील आपल्या घरी.

मी येणारच नव्हतो. शिवणबाईंनी माझ्या कोटाचं बटण लावून दिलं आणि म्हणाल्या, "जा. निदान त्याचं तोंड बघून या." घड्याळजीचं मनगटी घड्याळ मी हाताला बांधलं. त्याचा पट्टा सैल होतो, पण म्हटलं त्यालाही सभागृह दिसू दे.

तू उभा राहिलास. आधी सगळ्यांचे आभार, सभापतींचे, सचिवांचे, छपाईवाल्यांचे. मला डुलकी लागत होती. मग तू म्हणालास, "अहवालात एका समूहगायनाचा गौरवाने उल्लेख आहे. ते बहारदार होतं असं समितीचं एकमत आहे. सभागृहालाही त्याचा आनंद मिळावा म्हणून मी ते सादर करतो."

माझी डुलकी उडाली. तू हातात कागदसुद्धा घेतला नव्हतास!

'मंगळवारी दुपार झाली...' सदस्य हसले, कुणी बाक वाजवून ठेका धरला. 'सात पाहुणे खोकत आले...' ठेका मंदावला. 'कुणी न त्यांना तपासलेले...' बाकं थांबली. मंत्री अजून हसत होते, पण नुसत्या ओठांनी. 'सिस्टर पुसते, तपास झाला? फोनवरुन आवाज म्हणाला...'

आणि तू थांबलास.

अरे, तिथे? नेमका तिथे? तुझं तोंड अर्धवट उघडं आणि नजर वर. तोच तिसरा बाक, तोच ढब्बू, या वेळी दुसऱ्याच कडव्यात बंद पडलेली तीच गाडी. मंत्र्यांनी सुटकेचा श्वास टाकला, तो मला वरून दिसला.

मी खुर्चीचे हात घट्ट धरले. पासाच्या मागचे नियम आठवले. पण माझ्या घशाला नियम वाचता येत नाहीत.

"साहेबांना संध्याकाळी, खाट रिकामी ओळीओळी!"

कुजबुजच केली मी, देवाशपथ. पण माझी कुजबुज चौथ्या फलाटावरच्या बहिऱ्या हमालाला कळायची. घुमटात घुमून ती परत माझ्याच अंगावर आली. मग दोन मार्शल आले आणि एकेक बखोट धरून मला बाहेर काढलं. त्यांतला एक जिन्यात हळूच म्हणाला, "आजोबा, पुढचं काय आहे?" मी रागाने सांगितलं नाही.

पुढे तू काय केलंस ते मला ठाऊक नाही. कळून घ्यायचंही नाही. तुला ठाऊक होतं ना, आमचं सगळं त्या दोन ओळींत आहे? बाकीची कविता म्हणजे नुसती गाडीची वाट. ती ओळ सभागृहात एका सदस्याच्या तोंडून यायला हवी होती, पक्क्या, छापील नोंदीत. ती आली हाकलून दिलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडून. वर मी निवासाची बदनामी केली म्हणून मॅनेजरने माझा खुलासा मागितलाय.

जन्मभर तुला ओळी दिल्या. एक ओळ, एकच, तू घड्याळजीसाठी लक्षात ठेवायची होतीस.

पोपट

*

३० जुलै

पोपट्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा हसलो. घरात एकटाच हसतोय म्हणून मुलगा दारातून पाहून गेला.

शाळेत मी विसरायचो, खरंच विसरायचो. परवा नाही. कविता मला मार्चपासून पाठ आहे. दाढी करताना म्हणतो, आंघोळीत म्हणतो.

तू जरा डोकं चालव. विभागाने समितीला लेखी दिलं होतं की या साक्षीदारांना काही आठवत नाही. अहवालात तेच आलं, माझ्या सहीनिशी. मी ती ओळ म्हटली असती तर पक्षाने दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं, अध्यक्षांचं वैयक्तिक मत. ती यायला हवी होती तुझ्याकडून, ज्याने फोनवरचा तो आवाज ऐकला त्याच्याकडून. पण तुला सभागृहात बोलायला कोण उभं करणार? तेव्हा मी तुला खुर्ची दिली आणि ओळ सोडून थांबलो. बाकी तुझ्या घशावर माझा आपल्या तिसऱ्या बाकापासून विश्वास आहे. पण तू खुर्चीचे हात धरलेस ते मला खालून दिसलं. म्हटलं, या माणसाला नेमकी आजच शिस्त लागतेय की काय!

आता सबंध सभागृहाने पाहिलंय की धडधाकट अध्यक्षाला जे आठवलं नाही, ते खोली बारातल्या 'विस्मरण'वाल्याला आठवलं. दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या वर्तमानपत्रांत तेच होतं. तू रागावून वाचली नसशील.

तुला नेल्यावर काय झालं ते ऐक. सभापतींनी हुकूम दिला, गॅलरीतला आवाज कामकाजातून काढून टाका. मी म्हणालो, "जरूर काढा. मी माझं भाषण पुढे चालू करतो," आणि त्याच दोन ओळी म्हटल्या, एक मात्रा न बदलता. मंत्री ताडकन उठले, "हेही काढून टाका!" सदस्याचं बोलणं काढायचं तर त्यात असंसदीय शब्द लागतो. सचिव यादी घेऊन बसले. साहेब, संध्याकाळ, खाट, रिकामी, ओळ. पानं उलटउलटून त्यांना घाम फुटला. एकही शब्द सापडेना. मग 'गोड बोलुनी'सुद्धा तपासलं. गोड बोलणं असंसदीय ठरवलं असतं तर सभागृहच बंद करावं लागलं असतं. सगळी कविता नोंदीत गेली, शेवटच्या रित्या खाटांपर्यंत. त्या ओळीला कुणी बाक वाजवला नाही.

पुढच्या आठवड्यात तुमची सिस्टर स्वतः समितीपुढे आली. म्हणाली, "आजोबा बोलले, मग मी कशाला घाबरू?" फोन मंत्र्यांच्या कार्यालयातूनच होता. अहवाल दुरुस्त होऊन सभागृहात परत आला. 'एकही रुग्ण पाठवण्यात आला नाही' होतं, तिथे आता 'सात' आहे. तुझ्या घड्याळजीपुढचं 'वार्धक्य' खोडलंय. मंत्र्यांना शिक्षा विचारशील तर त्यांचं खातं बदललं. आता ते सांस्कृतिक कार्य पाहतात. कवितेला उत्तेजन देणार म्हणे.

माझी घंटा काढून घेतली. फेरबदलातलं नावही गेलं, आणि पुढच्या वेळी तिकीट नाही, हे पक्षाने अगदी गोड बोलुनी कळवलं. बंगला महिनाअखेर सोडायचाय. मुलाकडे खोली आहे, पण तिथे मला सकाळ-संध्याकाळ ऐकवतील की मी काय घालवलं.

तर विचारायचं होतं. तुझ्या खोलीतली खिडकीकडची ती खाट अजून रिकामी आहे का?

ढब्बू

*

खोली बारा
४ ऑगस्ट

ढब्ब्या,

तुझं पत्र मी वऱ्हांड्यात उभा राहून मोठ्याने वाचलं. शिवणबाई रडल्या, मग चष्मा शोधायला लागल्या. बँकवाले म्हणाले, "या ढब्बूला कुठेतरी पाहिलंय."

खाट रिकामी आहे. उन्हात तापवून गादी घालून ठेवली आहे, पटही मांडलाय. काळ्या सोंगट्या तुझ्या.

लवकर ये. पण आधी तपासणी करून ये.

तुझा,
पोपट